मिश्र रंगांच्या आगगाडीची प्रतिकृती

भिवंडी तालुक्यातील अकलोली हे गाव गरम पाण्याच्या कुंडांमुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. तानसा नदीकाठच्या या गावातून आगगाडी जात नाही. पण ठाणे आणि पालघर जिल्ह्यांचा नकाशा उघडून पाहिलात, तर एक गंमत ध्यानात येईल. गावाच्या पश्चिमेला विरार आणि वसईवरून पश्चिम रेल्वे जाते. पूर्वेच्या अंगाला टिटवाळा, खडवली, वासिंद या स्थानकांवरून मध्य रेल्वे जाते. दक्षिणेला दिवा-वसई मार्गावर भिवंडी रोड स्थानक आहे. म्हणजे गाव मध्ये आणि तीन बाजूंनी रूळ!

समजा, अशा गावातल्या शाळेच्या विज्ञान मंडळाने प्रदर्शनासाठी प्रवासी गाडीची पुठ्ठ्याची प्रतिकृती करायचे ठरवले. पुठ्ठा आला, डिंक आला, कात्री आली. आता रंग कोणता द्यायचा? एक जण म्हणेल, गाडी लाल असते. दुसरा म्हणेल, निळी. घरी विचारले तर आजोबा म्हणतील, ‘अरे, आमच्या वेळी गाडी तपकिरी-तांबडी असायची.’ यांपैकी खरे कोणाचे? सगळ्यांचेच खरे असू शकते. एवढेच नव्हे, तर हे सारे रंग एकाच गाडीत, एकापुढे एक जोडलेले असू शकतात. अशा मिश्र रंगांच्या गाडीची प्रतिकृती करणे हे एकरंगी गाडीपेक्षा अवघड असते, आणि त्यातून शिकायलाही अधिक मिळते. ती नेटकी कशी करावी, हे या पाठात पाहू.

रंग ही मालकाची खूण

भारतातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी धावली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या कंपनीची होती. या कंपनीचे रूळ १८५४ साली कल्याणला आणि १८५५ साली वासिंदला पोहोचले. पश्चिमेकडून बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे ही दुसरी कंपनी गुजरातमधून खाली येत होती. ती १८६४ साली मुंबईत ग्रँट रोडपर्यंत आली. म्हणजे अकलोलीच्या दोन बाजूंना दोन निराळ्या कंपन्या गाड्या चालवत होत्या. दोघींचे कारखाने वेगळे आणि डब्यांवरची अक्षरेही वेगळी. गाडीचा रंग म्हणजे जणू कंपनीचा गणवेश होता.

गाडीचा रंग किती मानाचा समजला जाई, याचे उत्तम उदाहरण म्हणजे दख्खनची राणी. ही मुंबई-पुण्याची गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली. तिच्यासाठी प्रत्येकी सात डब्यांचे दोन संच बांधले होते. डब्यांचे सांगाडे इंग्लंडमधून आले, वरची बांधणी माटुंग्याच्या कारखान्यात झाली. एका संचाचा रंग चंदेरी व त्यावर लालभडक पट्ट्या, तर दुसऱ्याचा गडद निळा व त्यावर सोनेरी रेघा. म्हणजे एकाच नावाच्या गाडीला पहिल्या दिवसापासून दोन गणवेश! ‘दख्खनच्या राणीचा मूळ रंग कोणता?’ असे कोणी विचारले, तर एका शब्दात उत्तर देता येणार नाही.

पुढे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मोठा बदल झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, निजाम सरकारची रेल्वे, शिंदे सरकारची रेल्वे आणि धोलपूरची रेल्वे एकत्र करून मध्य रेल्वे स्थापन झाली. त्याच दिवशी बॉम्बे-बरोडा कंपनीची रेल्वे आणि सौराष्ट्र, राजस्थान व जयपूरच्या रेल्वे मिळून पश्चिम रेल्वे झाली. आता विचार करा. नाव एका दिवसात बदलता येते. त्याला कागद आणि सही पुरते. पण हजारो डबे एका रात्रीत रंगवता येतील का? ६ नोव्हेंबरला रुळांवर धावणारे डबे ५ तारखेचेच होते. नवी रेल्वे, पण जुने डबे, अशी स्थिती प्रत्येक एकत्रीकरणानंतर काही काळ राहतेच.

अमेरिकेतील ‘इंद्रधनुष्य’

याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेत घडले. तेथे प्रवासी गाड्या अनेक खासगी कंपन्या चालवत असत. त्यांना तोटा होऊ लागला, तेव्हा १ मे १९७१ रोजी ‘ॲमट्रॅक’ ही राष्ट्रीय संस्था सुरू झाली. तिने २० कंपन्यांच्या प्रवासी गाड्या आपल्याकडे घेतल्या आणि त्यांच्या डब्यांतून हजाराहून अधिक डबे निवडून घेतले. यूनियन पॅसिफिकचे डबे पिवळे, सांता फेचे चकचकीत बिनरंगी पोलादाचे, इलिनॉय सेंट्रलचे चॉकलेटी व नारिंगी. जो डबा चांगल्या स्थितीत असेल तो गाडीला जोडायचा, असे चालले. त्यामुळे एकाच गाडीत चार-पाच कंपन्यांचे रंग दिसू लागले. काही वर्षांत सर्व डब्यांना एक रंग मिळाला आणि १९७५ पासून नवे डबेही येऊ लागले. मधल्या वर्षांना रेल्वेचे अभ्यासक ‘इंद्रधनुष्याचा काळ’ म्हणतात.

प्रतिकृती करणाऱ्या अनेक हौशी लोकांना हाच काळ विशेष आवडतो. एकरंगी गाडी पाहून ती कोणत्या वर्षाची, हे सांगणे कठीण असते. मिश्र गाडीत मात्र कोणते डबे नवे रंगवलेले, कोणते जुने, कोणत्या कंपनीचे किती, यावरून वर्ष, क्वचित महिनाही ठरवता येतो. झाडाच्या खोडातील वलये जशी वय सांगतात, तसे हे रंग काळ सांगतात.

सरमिसळ किती लवकर होते? फाशांचा प्रयोग

डबा रंगवायला म्हणून सहसा वेगळा थांबवत नाहीत. ठरावीक मुदतीने तो मोठ्या दुरुस्तीसाठी कारखान्यात जातो. मध्य रेल्वेचा माटुंग्याचा आणि पश्चिम रेल्वेचा लोअर परळचा कारखाना अशाच कामासाठी प्रसिद्ध आहेत. तेथे चाके, ब्रेक, आसने यांची तपासणी होते आणि मग रंग दिला जातो. त्यामुळे नव्या रंगाचा हुकूम आज निघाला, तरी प्रत्येक डब्याला तो त्याच्या पाळीनेच मिळतो.

एक सोपे गणित करू. समजा, एका विभागाकडे १८० डबे आहेत. दर महिन्याला १० डबे कारखान्यातून नव्या रंगात बाहेर पडतात. म्हणजे सारे डबे रंगवायला १८ महिने लागतील. गाड्या सात-सात डब्यांच्या आहेत आणि डबे हाताला येतील तसे जोडले जातात.

तीन महिन्यांनी ३० डबे, म्हणजे एकूण डब्यांचा सहावा भाग नवा झाला. आता तुम्ही म्हणाल, सहा भागांतले पाच भाग अजून जुनेच आहेत, तेव्हा बहुतेक गाड्या जुन्याच रंगाच्या दिसतील. खरेच तसे आहे का? एक डबा जुना असण्याची संभाव्यता ५/६. सातही डबे जुने असण्याची संभाव्यता ५/६ चा सातवा घात, म्हणजे ७८१२५ भागिले २७९९३६. याचे उत्तर सुमारे ०.२८ येते. म्हणजे शंभरातील फक्त २८ गाड्या पूर्ण जुन्या. सातही डबे नवे असण्याची शक्यता नगण्य आहे. उरलेल्या सुमारे ७२ गाड्या मिश्र! डबे थोडेच बदलले, पण गाड्या मात्र बहुतेक मिश्र झाल्या.

नऊ महिन्यांनी निम्मे डबे नवे होतात. तेव्हा गाडी एकरंगी असण्याची संभाव्यता किती? सातही जुने १/१२८ आणि सातही नवे १/१२८, बेरीज १/६४. म्हणजे ६४ गाड्यांत सरासरी एकच गाडी एकरंगी.

हे पटत नसेल, तर प्रयोग करा. सापशिडीचे सात फासे घ्या. प्रत्येक फासा म्हणजे एक डबा. १ पडला तर डबा नवा, इतर काही पडले तर जुना. सातही फासे एकदम टाका आणि एकही १ न पडण्याचे प्रसंग मोजा. शंभर वेळा टाकल्यावर असे प्रसंग २८च्या आसपास येतील. वर्गात दहा गट केले, तर हे काम एका तासिकेत सहज होते. शिक्षकांनी सर्व गटांची बेरीज फळ्यावर मांडावी. गटागटांत फरक पडेल, पण एकूण बेरीज अपेक्षित उत्तराकडे झुकेल.

मात्र गणितात आपण एक गोष्ट गृहीत धरली आहे: डबे हाताला येतील तसे जोडले जातात. मानाच्या गाडीचा संच एकत्र राखला जातो आणि शक्यतो एकत्रच रंगवला जातो. त्यामुळे मिश्र काळात एखादी गाडी एकरंगी दिसली, तर ती बहुधा प्रतिष्ठेची गाडी समजावी. साध्या पॅसेंजर गाडीची प्रतिकृती एकदम एकरंगी आणि चकचकीत केली, तर ती देखणी दिसेल. पण त्या काळाला धरून असेल का, याचा विचार करा.

रंगामागचे यंत्र

मिश्र गाडी करायची म्हणून वाटेल तो डबा वाटेल त्या डब्याला जोडून चालत नाही. कित्येकदा रंगाआड यंत्राचा फरक दडलेला असतो. याची तीन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण ब्रेकचे. भारतात पूर्वी निर्वात ब्रेक वापरत. गाडीभर गेलेल्या नळीतील हवा इंजिन शोषून घेई. नळीत निर्वात असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहत. हवा आत सोडली की ते लागत. येथे जोर बाहेरच्या हवेचा, म्हणजे फार तर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलोग्रॅम. नंतर दाबाच्या हवेचे ब्रेक आले. यात नळीत सुमारे ५ किलोग्रॅम दाबाची हवा भरलेली असते. दाब कमी केला की ब्रेक लागतात. दाब अधिक असल्याने लांब आणि जड गाडी लवकर थांबते. एका प्रकारात नळी रिकामी ठेवायची, तर दुसऱ्यात भरलेली; तेव्हा दोन्ही प्रकारचे डबे एका गाडीत एकत्र काम करू शकत नाहीत. १९९० नंतरच्या दशकात दाबाच्या हवेच्या ब्रेकच्या डब्यांना निळा रंग आणि खिडक्यांच्या ओळीवर फिकट निळा पट्टा देऊ लागले. जुने डबे तपकिरी-तांबडे होते. पण येथे घाईने निष्कर्ष काढू नका. निळा रंग येण्यापूर्वीही काही तांबड्या डब्यांना दाबाच्या हवेचे ब्रेक होते. म्हणून तांबडा आणि निळा डबा एका गाडीत दाखवता येतो, पण दोघांचे ब्रेक एकाच जातीचे असले तरच. रंग ही खूण आहे. तो पुरावा नव्हे.

दुसरे उदाहरण जोडणीचे. मद्रासजवळ पेरांबूर येथे १९५५ साली प्रवासी डब्यांचा कारखाना सुरू झाला. त्याच्या आराखड्याचे डबे आयसीएफ डबे म्हणून ओळखले जातात. त्यांच्या टोकांना दोन बाजूंस दोन बफर आणि मध्ये स्क्रूने आवळायची कडी असते. मूळ जर्मन आराखड्याच्या एलएचबी डब्यांना बाजूचे बफर नसतात. मध्यभागी एकच आपोआप अडकणारी जोडणी असते. हे दोन डबे जसेच्या तसे एकमेकांना जोडता येत नाहीत. त्यासाठी खास सोय करावी लागते. लांबीही वेगळी. आयसीएफ डबा सुमारे २१.३ मीटर, तर एलएचबी डबा सुमारे २३.५ मीटर. तेव्हा एकाच मापाचे डबे कापून एक निळा आणि एक लाल रंगवला, म्हणजे मिश्र गाडी झाली असे नाही.

तिसरे उदाहरण मुंबईच्या लोकलचे. येथे १९२५ पासून १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर गाड्या धावत. पुढे २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आणायचे ठरले. तेवढ्याच शक्तीसाठी व्होल्ट सुमारे १७ पट केले, तर प्रवाह सुमारे १७ पट कमी पुरतो आणि तारांतून उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा पुष्कळ घटते. पण सर्व मार्ग एकदम बदलणे शक्य नव्हते. म्हणून दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या आल्या. अशा पांढऱ्या-जांभळ्या गाड्या २००७ साली दिसू लागल्या आणि जुन्या पिवळ्या-तपकिरी गाड्यांसोबत त्याच रुळांवर धावू लागल्या. हार्बर मार्गावर एकदिश प्रवाहावरची शेवटची लोकल ९ एप्रिल २०१६ च्या रात्री धावली. हा काळ दाखवायचा असेल, तर एका फलाटावर जुनी गाडी आणि दुसऱ्यावर नवी, अशी मांडणी करावी. येथे मिश्रण गाडीच्या आत नसून स्थानकात आहे.

माप कोणते घ्यावे?

जगात प्रतिकृतींसाठी १:८७ हे प्रमाण फार वापरतात. त्याच्या रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. हे कोठून आले? युरोप-अमेरिकेतील रुळांतील अंतर १४३५ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागले की १६.५ येते. आपले रुंद रूळ १६७६ मिलिमीटर अंतराचे आहेत. त्याला ८७ ने भागले तर १९.३ मिलिमीटर येईल. म्हणजे बाजारातील तयार रुळांवर १:८७ प्रमाणाचा भारतीय डबा ठेवला, तर रूळ जरा अरुंद दिसतील.

पण १६७६ ला १०० ने भागून पाहा. उत्तर १६.८ मिलिमीटर; जवळजवळ तयार रुळांइतकेच! म्हणून शाळेसाठी १:१०० हे प्रमाण सर्वांत सोयीचे. खऱ्या डब्याचा एक मीटर म्हणजे प्रतिकृतीतील एक सेंटीमीटर. गणितही तोंडी होते. आयसीएफ डब्याची लांबी २१.३ सेंटीमीटर, रुंदी सव्वातीन सेंटीमीटर, रुळापासून छतापर्यंत उंची चार सेंटीमीटर. चाकाचा व्यास ९ मिलिमीटर. सदऱ्याच्या बाहीचे लहान बटण याला चालते. चार चाकांचा एक गाडा, असे दोन गाडे डब्याखाली असतात. त्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर १४.८ सेंटीमीटर ठेवावे. बफर धरून एक डबा २२.३ सेंटीमीटर जागा घेतो. तेव्हा बारा डब्यांची गाडी सुमारे पावणेतीन मीटर लांब होईल. ती फळ्याखालच्या भिंतीलगत सहज मावते.

आता एक कोडे. खरा डबा सुमारे ४० टनांचा असतो. मग प्रतिकृतीचे वजन किती असावे? शंभराव्या हिश्शाने ४०० किलोग्रॅम, असे कोणी म्हणेल; पण ते चूक आहे. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही शंभरपट लहान होतात, म्हणून घनफळ दहा लाखपट लहान होते. ४० टनांचे ४० ग्रॅम झाले. पुठ्ठ्याचा डबा साधारण एवढाच भरतो.

वळणाचेही पाहा. आपल्या रुंद मार्गावरील सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर धरतात. म्हणजे प्रतिकृतीत पावणेदोन मीटर. खेळण्यातील रुळांची त्रिज्या याच्या चौथ्या हिश्शाइतकीही नसते, म्हणूनच तेथे डबे वळणावर विचित्रपणे बाहेर डोकावतात. जागा कमी असेल, तर वळण न देता सरळ मार्ग करावा. ते अधिक खरे दिसेल.

जुन्या छायाचित्रांची फसवणूक

मग जुन्या गाड्यांचे रंग शोधायचे कोठे? कृष्णधवल छायाचित्रात राखाडी छटाच दिसतात. त्यातही एक मेख आहे. पूर्वीच्या अनेक फिल्मवर निळ्या प्रकाशाचा परिणाम जोराने होई, पण लाल प्रकाशाचा जवळजवळ होत नसे. त्यामुळे निळी वस्तू फिकट आणि लाल वस्तू काळी उमटे. अशा फिल्मवर घेतलेल्या चित्रात दख्खनच्या राणीचा गडद निळा संच उजळ दिसू शकतो आणि चंदेरी संचावरच्या लाल पट्ट्या काळ्या दिसू शकतात. तेव्हा ‘चित्रात गडद आहे, म्हणजे रंग गडद’ असे समजू नये. हे अनुभवायला एक लाल आणि एक निळी वस्तू शेजारी ठेवून गडद निळ्या पारदर्शक कागदातून पाहा. लाल वस्तू काळपट दिसेल.

वडीलधाऱ्यांना विचारणे हा दुसरा मार्ग. विचारताना ‘गाडी तांबडी होती ना?’ असे विचारू नका. अशाने उत्तर तुम्हीच पुरवता. ‘आजी, तुम्ही माहेरी जायच्या त्या गाडीचा रंग आठवतो का? ते साल कोणते असेल?’ असे विचारा. साल आठवत नसेल, तर घरातील लग्न, जन्म, नोकरी यांच्या आधारे ते बसवा. उत्तर वहीत लिहून पुढे सांगणाऱ्याचे नाते आणि तारीख लिहा. दोघांची उत्तरे जुळली नाहीत, तर दोन्ही ठेवा.

रंग देताना

प्रतिकृतीचा रंग खऱ्या रंगापेक्षा किंचित फिकट ठेवावा. १:१०० प्रमाणाची गाडी आपण अर्ध्या मीटरवरून पाहतो, म्हणजे खरी गाडी ५० मीटरवरून पाहण्यासारखे. दुरून रंग थोडे फिके भासतात. पोस्टर रंगात पांढऱ्याचा एखादा थेंब मिसळला की काम भागते.

सर्व डबे सारखे रंगवू नका. कारखान्यातून नुकताच आलेला डबा स्वच्छ असतो. वर्षभर उन्हापावसात धावलेल्या डब्याचे छत मळकट आणि खालची बाजू तपकिरी झालेली असते; कारण ब्रेक घासून उडालेली लोखंडाची भुकटी तेथे बसते आणि गंजते. जुन्या तांबड्या रंगासाठी लोहाचे ऑक्साइड घातलेला रंग चांगला. तो उन्हात फारसा विटत नाही. म्हणून जुना डबा दाखवताना रंग फार फिका करण्याऐवजी पातळ तपकिरी पाण्याचा हात खालून वर, विरळ होत जाईल असा द्यावा.

शेवटी गाडीपुढे एक पाटी लावा. तिच्यावर गाडीचे नाव, मार्ग आणि मुख्य म्हणजे महिना व वर्ष लिहा. दख्खनच्या राणीचेच पाहा. १९३० साली सात डबे. १९६६ साली पेरांबूरचे पोलादी डबे आले आणि संख्या पुढे बारा झाली. २२ जून २०२२ पासून ती नव्या रंगसंगतीच्या एलएचबी डब्यांसह धावू लागली. नाव एकच, पण गाड्या तीन. वर्ष लिहिले नाही, तर ती प्रतिकृती कशाची, हे कोणालाच तपासता येणार नाही. तपासता येईल असे विधान करणे, हीच तर विज्ञानाची पहिली अट आहे. ज्यांना कुशल काम प्रत्यक्ष पाहायचे असेल, त्यांनी सहलीत पुण्याच्या कोथरूडमधील, भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहावे. ते १९९८ साली खुले झाले.

तुमचा काळही मिश्रच

मित्रांनो, हे सारे जुन्या दिवसांचे आहे असे समजू नका. पेरांबूरच्या कारखान्यातून जुन्या आराखड्याचा शेवटचा डबा जानेवारी २०१८ मध्ये बाहेर पडला. तेव्हापासून त्या जातीचा डबा मोडीत निघतो, पण त्याच्या जागी तसा दुसरा येत नाही. निळे डबे, लाल डबे, पांढऱ्या वंदे भारत गाड्या हे सर्व एकाच स्थानकात दिसण्याचा काळ तुम्ही जगत आहात, आणि तो सरेल. १९५१ सालच्या शाळकरी मुलांनी आपल्या स्थानकातील डब्यांचे रंग वहीत टिपून ठेवले असते, तर आज प्रतिकृती करणाऱ्याला ती वही सोन्याच्या मोलाची वाटली असती. तुमची वही पुढच्या कोणाला तशीच वाटेल.

नोंद सोपी आहे. स्थानकावर गेलात की फलाटाच्या पिवळ्या रेषेच्या आत उभे राहूनच तारीख, वेळ, गाडीचे नाव आणि इंजिनापासून क्रमाने डब्यांचे रंग लिहा. डब्यावर आकडा असतो. त्यातील पहिले दोन अंक डबा बांधल्याचे वर्ष दाखवतात. ९८ ने सुरू झालेला आकडा म्हणजे १९९८ सालचा डबा. डब्याच्या टोकाच्या भिंतीवर मोठ्या दुरुस्तीची तारीखही रंगवलेली असते. फलाटावरून दिसली तर तीही टिपा. रुळांवर उतरू नका आणि त्यासाठी गाडीजवळ वाकूही नका.

करून पाहा

१. वरील गणितात पहिल्या महिन्याअखेर १८० पैकी १० डबे नवे होतात. सात डब्यांची गाडी पूर्ण जुनी असण्याची संभाव्यता काढा. (उत्तर सुमारे ०.६७ यावे. म्हणजे पहिल्याच महिन्यात तीन गाड्यांत साधारण एक मिश्र!)

२. निम्मे डबे नवे असताना बारा डब्यांची गाडी एकरंगी असण्याची संभाव्यता किती? गाडी जितकी लांब तितकी एकरंगी असणे अवघड का?

३. खरी गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जाते. १:१०० प्रतिकृती सेकंदाला किती सेंटीमीटर गेली, तर वेग प्रमाणात दिसेल?

४. एका डब्याला लागणारा रंग त्याच्या पृष्ठफळावर अवलंबून असतो. खऱ्या डब्याला जितका रंग लागतो, त्याच्या कितवा हिस्सा प्रतिकृतीला लागेल? तेवढाच लागला का, ते करून पाहून कारणासह लिहा.

५. जवळच्या स्थानकावर एका महिन्यात वीस गाड्यांची नोंद करा. मिश्र किती, एकरंगी किती? एकरंगी गाड्या कोणत्या, आणि त्या तशा का, याबद्दल वर्गात चर्चा करा.